वाडा राखायचा कोणाच्या पैशाने?

वर्धा जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबांच्या महालक्ष्म्या गेल्या दोन-तीन दशकांत गावच्या वाड्यातून उठून नागपूर-पुण्याच्या सदनिकांमध्ये आल्या. मुखवटे आले, कोठ्या आल्या, सोळा भाज्यांचा नैवेद्यही काटकसरीने का होईना आला. वाडा तेवढा आला नाही. त्याच्या दाराला कुलूप लागले, किल्ली शेजाऱ्याकडे राहिली, आणि दोन पावसाळ्यांनंतर शेजाऱ्याचा निरोप आला की माजघराचे छत खचले आहे. अशा वेळी पाचही भावांच्या घरांत एकच प्रश्न विचारला जातो: दुरुस्तीला पैसे कोण देणार? या प्रश्नाचे उत्तर वेळेवर सापडत नाही म्हणून आर्वी, देवळी, सिंदी, हिंगणघाट या परिसरातील एकेक घर जमीनदोस्त होत आहे. पैसा नाही म्हणून घरे पडतात, असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो अर्धाच खरा आहे. बहुतेक कुटुंबांत आज आजोबांच्या काळापेक्षा अधिक पैसा आहे. पैसा गोळा करण्याची रीत मात्र राहिलेली नाही.

हे वाडे उभे राहिले ते कापसाच्या बळावर. १८६२ साली वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाची चणचण भासत होती आणि हिंगणघाटच्या कापसाला विलायतेत नाव मिळाले होते. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोहोचली. शेजारच्या वऱ्हाडात रयतवारी होती, तर वर्धा नागपूर प्रांतात असल्याने इथे मालगुजारी होती. सागवानी मयाली, चुन्यात बांधलेले जोते, पुढे सपरी, सपरीत बंगई, आत चौक आणि चौकापलीकडे देवघर ही घडण त्या पैशाने उभी केली आणि त्याच पैशाने दरवर्षी राखली. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली. ती संपली हे न्याय्यच झाले, त्याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. मात्र ज्या उत्पन्नातून वाड्याचा वार्षिक खर्च निघत होता ते उत्पन्न त्याच दिवशी थांबले आणि त्याच्या जागी दुसरी व्यवस्था लावण्याचे कोणाला सुचले नाही. पुढे मुले शिकली, नोकरीनिमित्त बाहेर पडली. घर सर्वांचे राहिले, म्हणजेच कोणाचेच राहिले नाही.

इथे वाडा म्हणताना केवळ मालगुजाराची चौकट डोळ्यांपुढे आणू नये. दोन खणांचे मातीचे घर, विणकराचे माग असलेले घर, शेतकऱ्याचे गोठ्याला लागून असलेले घर, यांचाही प्रश्न हाच आहे आणि त्यांच्याकडे विकायला सागवानही नाही.

जुने घर नेमके कशाने पडते, हे समजले तर पैशाचा प्रश्न निम्मा सुटतो. ते वयाने पडत नाही, पाण्याने पडते. दहा-बारा कवेलू फुटतात, तिथून पाणी मयालीच्या टोकाशी मुरते, ओल धरली की वाळवी येते, आणि भिंतीच्या माथ्यावरची माती सुटू लागते. जिल्ह्यातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पन्हाळीचे पाणी जोत्याशी साचत राहिले तर ही जमीनच पायाला हलवते. वर कोणी हौसेने मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला असेल तर आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि भिंत आतून कुजते. दर उन्हाळ्यात कवेलू फेरणे, पन्हाळी साफ करणे आणि पाणी घरापासून दूर काढून देणे, एवढे नेमाने झाले तर मोठी दुरुस्ती कित्येक वर्षे लांबते. ज्या कुटुंबाने वर्षाला काही हजार रुपये खर्च केले नाहीत त्याला पंधरा वर्षांनी लाखोंचा आकडा ऐकावा लागतो, आणि तो ऐकूनच सारे भाऊ एकमताने ‘परवडत नाही’ म्हणतात.

याचे प्रत्यक्ष प्रमाण पाहायला वर्धेकरांना दूर जावे लागत नाही. महात्मा गांधी १९३६ साली शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले. तिथल्या आदिनिवास, बापूकुटी या वास्तू माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांच्या आहेत. जवळ मिळणारे साहित्य आणि कमीत कमी खर्च हा गांधीजींचा आग्रह होता. मातीची ही घरे नव्वद वर्षे उभी आहेत, आणि याच काळात बांधलेल्या कितीतरी चिरेबंदी वाड्यांचे आता केवळ जोते उरले आहे. फरक साहित्याचा नाही. कुटीकडे दरवर्षी कोणीतरी पाहते. लिंपण सुटले की लिंपते, कवेलू सरकले की बसवते. राखण हा तिथे नित्यक्रम आहे. गांधीजींच्या राजकारणाविषयी कोणाचे मत काहीही असो, घर कसे राखावे हे त्या कुटीकडून शिकायला हरकत नसावी.

मग पैसा कोणाकडून घ्यावा? बहुतेक कुटुंबे तीन दारे ठोठावतात आणि तिन्ही चुकीची आहेत.

पहिले दार परदेशस्थ भावाचे. तो एकरकमी रक्कम पाठवतो, छत होते, फरशी बदलते, दर्शनी भिंतीवर वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी लागते. त्या दिवसापासून घर त्याचे होते, कागदोपत्री नव्हे, बोलण्यात. गावात राहून शेती पाहणारा, घरात दिवा लावणारा भाऊ राखणदार ठरतो आणि उरलेले पाहुणे. पुढच्या दुरुस्तीला कोणी खिशात हात घालत नाही, कारण ‘ज्याची पाटी, त्याचा खर्च’. देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. एकाने सगळे दिल्यावर इतरांचे घराशी असलेले कर्तव्याचे नाते संपते, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.

दुसरे दार समाजाचे. पावतीपुस्तक छापायचे, ‘ऐतिहासिक वाडा’ म्हणायचे आणि गावात फिरायचे. समाजाच्या पैशाने वास्तू राखल्या जाव्यात यात शंका नाही, पण त्या समाजाच्या असतील तर. चिंचवडच्या चापेकर वाड्याचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १८९८-९९ मध्ये दामोदर, वासुदेव आणि बाळकृष्ण हे तिघे सख्खे भाऊ फासावर गेले. ज्या घराने एका पिढीतले तिन्ही मुलगे देशाला दिले, त्या घराचे ऋण समाजावर होते. क्रांतिवीर चापेकर स्मारक समितीने ते फेडण्यासाठी समाजापुढे झोळी पसरली आणि ते योग्यच झाले. आपल्या आजोबांनी गावात विहीर खोदली असेल, पाणपोई घातली असेल, त्याबद्दल त्यांचे नाव आदराने घ्यावे. परंतु ज्या घरात दिवाळीला केवळ आपलीच मुले उतरणार त्या घराच्या कवेलूंसाठी गावातल्या शिक्षकाकडून, दुकानदाराकडून पावती फाडून घेणे हे दातृत्वाच्या भावनेचा गैरवापर करणे आहे. सत्कार्याला पैसा मागणाऱ्या कार्यकर्त्याचा शब्द यामुळेच हलका होतो.

तिसरे दार विकासकाचे. अर्धी जागा त्याला, उरलेल्या अर्ध्यात प्रत्येक भावाला एकेक सदनिका. हा हिशेब कागदावर सुबक दिसतो, फक्त घर राहत नाही.

चौथी वाट संघाच्या स्वयंसेवकाला शिकवावी लागत नाही. ती तो दरवर्षी चालतो. १९२८ साली नागपुरात पहिला गुरुदक्षिणा उत्सव झाला तेव्हा जमलेली रक्कम शंभर रुपयांच्याही आत होती. डॉ. हेडगेवारांना धनिकांकडून याहून मोठी देणगी मिळवणे अशक्य नव्हते. तरी त्यांनी रीत घातली ती अशी की काम ज्यांचे, पैसा त्यांचा. प्रत्येकाने द्यायचे, दरवर्षी द्यायचे, आणि कोणी किती दिले हे कोणाला कळू द्यायचे नाही. संघटना बाहेरच्यांच्या उपकाराखाली राहिली नाही आणि आतल्या धनवंताच्याही. ही रीत देशव्यापी कार्याला पुरली. ती एका घराला पुरू नये असे काही कारण नाही.

कुटुंबाने ती अशी आणावी. चार भाऊ, तीन बहिणी आणि पुढच्या पिढीतली कमावती मुले-मुली मिळून बारा घरे होतात असे धरू. दरमहा सरासरी पाचशे रुपये पडले तरी वर्षाचे ७२,००० होतात. एवढ्यात दरसालची राखण होऊन पुढच्या मोठ्या कामासाठी शिल्लक पडावी. ज्याला अधिक देता येईल त्याने अधिक द्यावे. त्यामुळे त्याला एक खोली जास्त मिळणार नाही आणि पाटीही लागणार नाही. ज्याला या वर्षी जमत नाही त्याने एकवीस रुपये द्यावेत, पण द्यावेत. गावात राहणाऱ्या भावाची राखण आणि त्याच्या पत्नीने वर्षभर घातलेले झाडू-सारवण हीच त्यांची दक्षिणा समजावी. ‘तुम्ही तर फुकट राहता’ हे वाक्य घरातून हद्दपार झाले पाहिजे. आता मोबाइलवरून पैसे पाठवले की देणाऱ्याचे नाव उमटतेच, तेव्हा गुप्तता ही खाते सांभाळणाऱ्याच्या जिभेची बाब झाली आहे, एवढे खरे. एकूण जमा किती, खर्च किती, हे वर्षातून एकदा सर्वांसमोर वाचून दाखवावे. कोणाचे किती, हे वाचू नये.

खाते संयुक्त असावे आणि सही करणाऱ्यांत घरची एक लेक व एक सून असावी. हा सल्ला शोभेसाठी नाही.

वाड्याच्या बाबतीत आपल्या समाजाने लेकींशी जो व्यवहार केला त्याचा उल्लेख टाळून कुळधर्माच्या गप्पा मारणे अप्रामाणिकपणाचे होईल. वर्षानुवर्षे न विचारलेल्या बहिणीला एक दिवस अगत्याने बोलावणे येते, साडी-चोळी होते, जेवण होते, आणि हात धुतल्यावर हक्कसोडपत्र पुढे येते. भावाशी नाते तुटू नये म्हणून ती सही करते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायदा दुरुस्त करून मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. राहत्या घराची वाटणी मुलींनी मागू नये असे बंधन घालणारे जुने कलमही २००५ सालीच गेले, आणि ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. तेव्हा लेकीला वगळून वाडा राखणे हे आता अन्याय्य तर आहेच, अव्यवहार्यही आहे. उलट अनुभव असा की माहेरच्या घराची ओढ भावांपेक्षा बहिणींनाच अधिक असते. त्यांच्याकडून हक्क सोडवून घेण्याऐवजी दक्षिणा मागून पाहावी.

राष्ट्र सेविका समितीची स्थापना १९३६ च्या विजयादशमीला वर्ध्यातच झाली, हे या संदर्भात आठवावे. १९३२ साली वकील पुरुषोत्तमराव केळकर निवर्तले तेव्हा वंदनीय मावशी अवघ्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. विधवेला अविभक्त कुटुंबाच्या मिळकतीत मर्यादित हक्कसुद्धा १९३७ च्या कायद्याने मिळायचा होता. मोठा संसार सांभाळत त्यांनी घराच्या चौकटीतूनच देशभराचे संघटन उभे केले. घर चालवण्याची आणि राखण्याची जबाबदारी स्त्रीने पेलायची, पण घराच्या व्यवहारात तिचा शब्द नसावा, हे वर्ध्याच्या मातीला तरी शोभत नाही.

घराचे भांडण न्यायालयात गेले की काय होते, याचे उदाहरण प्रत्यक्ष स्वामी विवेकानंदांचे आहे. १८८४ साली वडील गेले आणि कोलकात्याच्या वडिलोपार्जित घरावरून नातलगांत दावे सुरू झाले. तो तंटा मिटला तो १९०२ मध्ये, स्वामीजींच्या महानिर्वाणाच्या अगदी तोंडावर. शिकागोची सभा जिंकणाऱ्या संन्याशालाही आईच्या डोक्यावरच्या छपराची चिंता अखेरपर्यंत सुटली नाही. पुढे ते घर जीर्ण झाले, त्यात अनेक बिऱ्हाडे शिरली. रामकृष्ण मिशनने ते मिळवून, तिथल्या रहिवाशांची सोय लावून, जीर्णोद्धार करून २००४ मध्ये लोकांसाठी खुले केले. विवेकानंदांचे घर म्हणून मिशन धावून आले. इतरांच्या घरासाठी कोणी येणार नाही.

म्हणून पैसा जमवण्याआधी कागद नीट करावेत. केंद्राच्या स्वामित्व योजनेत २०२० पासून गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी होऊन घरांच्या मिळकत पत्रिका तयार होऊ लागल्या. आपल्या घराची पत्रिका कोणाच्या नावे निघाली, त्यात सर्व वारसांची नावे आली की केवळ गावात असणाऱ्याचे, हे आजच तपासावे. त्यानंतर सर्वांनी बसून कुटुंब व्यवस्थापत्र करावे आणि आवश्यक तिथे नोंदवावे. हिस्सा विकायची वेळ आली तर वारसदारांना आधी विचारण्याची तरतूद हिंदू वारसा कायद्यात आहे. परक्याने हिस्सा विकत घेऊन वाटणीचा दावा केलाच तर राहत्या घराचा तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला परत घेण्याची सोय १८९३ च्या वाटणी कायद्यापासून आहे. कायदा घराच्या बाजूने आहे. घरातली माणसे एका बाजूला असावी लागतात, इतकेच.

इतके करून राखायचे काय, हाही प्रश्न आहे. जुन्या वाड्याच्या सपरीत एक अदृश्य रेघ असे. काही माणसे त्या रेघेपलीकडे जात नसत. शेतावर राबणाऱ्याला, वाड्याच्या भिंती लिंपणाऱ्याला चौकात प्रवेश नसे. ती रेघ जशीच्या तशी राखायची असेल तर तो वाडा पडलेला बरा. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर हे बजाज घराण्याचे खासगी देवालय. जुलै १९२८ मध्ये जमनालाल बजाजांनी ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुले केले. मंदिर घराण्याचे असल्यामुळेच त्यांना आधी घरात आणि नात्यागोत्यात ती लढाई द्यावी लागली असणार. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी वर्ध्याच्या संघ शिबिराला भेट दिली तेव्हा स्वयंसेवक एकमेकांची जात न विचारता एका पंगतीत बसतात हे त्यांनी पाहिले आणि पुढे बोलूनही दाखवले. जीर्णोद्धारानंतरच्या वास्तुशांतीला गावातली कोणकोणती घरे पंगतीला बसली, यावरून जीर्णोद्धार झाला की केवळ दुरुस्ती झाली हे ठरते.

वापरात नसलेले घर कोणत्याही निधीने टिकत नाही. वर्षातले तीनशे दिवस बंद राहणाऱ्या वाड्यावर पैसा घालत राहणे ही भावुकता होय. संघाचे प्रारंभीचे काम अशाच घरांच्या ओसरीवर वाढले; प्रचारकाने स्वतःचे घर सोडले तरी त्याला जेवू घालणारी, अंथरूण देणारी घरे गावोगाव होती म्हणूनच तो फिरू शकला. ती ओसरी आज स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अभ्यासासाठी देता येईल, संध्याकाळी समितीच्या शाखेला देता येईल, शेतकरी गटाच्या बैठकीला देता येईल. रोज झाडले जाणारे घर गळू लागले की त्याच दिवशी कळते. घरच्या मुलांनाही तिथे जाण्याचे निमित्त लागते, ते दिवाळीपुरते नसावे. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा सर्वदूर प्रसिद्ध आहे. या भागातील जुन्या घरांतले लाकडी नंदी इतके अवजड असतात की ते सदनिकेच्या उद्‌वाहनात मावत नाहीत. नातवंडांनी नंदी ओढायचा असेल तर गावीच यावे लागते. कुटुंब प्रबोधनाचा एवढा सोपा कार्यक्रम कोणत्याही पुस्तिकेत सापडणार नाही.

सर्वच घरे वाचणार नाहीत. जिथे वारसांची संख्या पन्नाशीपार गेली आहे, एकमेकांची तोंडे पाहणेही बंद आहे, भिंती मूळ जागेवरून सरकल्या आहेत, तिथे निधीच्या नावाखाली दहा वर्षे काढण्यापेक्षा उघडपणे निर्णय घ्यावा. विकायचे तर सर्वांच्या संमतीने, बहिणींचा हिस्सा देऊन विकावे. सागवान भंगाराच्या भावाने जाऊ देऊ नये. जुनी दप्तरे, वंशावळी, मोडीतले कागद पोत्यात भरून रद्दीला घालण्याआधी जाणकाराला दाखवावेत. गावातील शाळेला किंवा वाचनालयाला जागा हवी असेल तर त्यांना आधी विचारावे. वाडा विकणे हे पाप नाही; तो कुजू देऊन मग कवडीमोलाने टाकणे हा मात्र पूर्वजांच्या श्रमांचा अपमान आहे.

ज्यांना राखायचा आहे त्यांनी तिथीचा विचार आतापासून करावा. कवेलूंचे काम मृगापूर्वी पुरे व्हावे लागते, म्हणजे रक्कम अक्षय्य तृतीयेला हाती असावी लागते, आणि त्यासाठी भावा-बहिणींची बैठक दिवाळीत, सगळे गावी असताना, झालेली असावी लागते. कवेलू फेरणारे कारागीर आता प्रत्येक गावात उरलेले नाहीत. जे आहेत ते वैशाखात एकाच वेळी दहा घरांना हवे असतात, आणि त्यांना चैत्रातच सांगून, थोडी रक्कम हातावर ठेवून बांधून घ्यावे लागते.